विजापूर वेशीपलीकडचे विजापूर

सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी विजापूरचे नाव दिवसातून चार वेळा येतेच. कोणाचे दुकान विजापूर वेशीत असते, कोणाचे घर विजापूर रोडला असते. पण त्याच रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर पुढे जाऊन ते शहर नीट पाहण्याचे मात्र माझ्याकडून राहून गेले होते. शाळेच्या सहलीत गोलघुमटात मनसोक्त ओरडून आलो होतो आणि तेवढ्याच भांडवलावर ‘विजापूर पाहिले आहे’ असे मी चाळीस वर्षे सांगत होतो. अखेर गेल्या मार्गशीर्षात थोरल्या बहिणीबरोबर निघालो. ताईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे गाईड करायचा नाही, गाडी करायची नाही आणि वेळापत्रकाच्या मागे धावायचे नाही, असे तिने आधीच बजावले होते.

सोलापूरहून विजापूरला रेल्वेही जाते, परंतु आम्ही एसटीच पसंत केली. माणशी दीडशेच्या आसपास तिकीट पडले. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुर असे झाले असल्याने बसच्या पाट्यांवर आणि आरक्षणाच्या यादीत तेच नाव शोधावे लागते.

स्वतःचे स्वतः फिरायचे असेल तर विजापुरात क्रमाला फार महत्त्व आहे. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला आहे आणि इब्राहिम रोजा पश्चिमेच्या तटाबाहेर आहे. सहलीच्या गाड्या भर दुपारी गोलघुमटापाशी थांबतात, तिथेच सगळ्यांची दमछाक होते आणि उरलेले शहर खिडकीतून दाखवून त्या परत फिरतात. आम्ही हा क्रम उलटा केला. पहिल्या दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडचे पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पूर्वेला जाऊन तिथून पायी मध्यभागाकडे यायचे, असे ठरवले. त्यामुळे दोन्ही मोठ्या वास्तू योग्य उजेडात पाहता आल्या आणि दोन दिवसांत रिक्षा तीनदाच करावी लागली.

सुरुवात मुलूखमैदान तोफेपासून केली. एखाद्या फर्ड्या वक्त्याला आपण हे नाव सहज देऊन टाकतो, पण मूळ तोफेपुढे उभे राहिल्यावर ती उपमा किती मोठी आहे ते कळते. पंचधातूच्या या तोफेची लांबी चार मीटरहून अधिक आणि वजन सुमारे ५५ टन आहे. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला सिंह असून त्याच्या दाढेत हत्ती चिरडलेला दाखवला आहे. ती विजापूरची नव्हेच. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत महंमद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला आणली. पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची हकीकत ज्याच्या नावावर सांगतात, तोच हा मुरारपंत. इंग्रजी अमलात, १८५४ साली, ही तोफ लिलावात १५० रुपयांना विकली गेली होती आणि नंतर तो व्यवहार रद्द झाला. ताई म्हणाली, “त्या दिवशी तू असतास तर घासाघीस करून सव्वाशेला मागितली असतीस.”

जवळच्या उपळी बुरुजाला बाहेरून वळसा घालत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. वर दोन लांबलचक तोफा पडून आहेत, त्यांतली मोठी सुमारे ३० फुटांची आहे. मात्र वर चढायचे ते शहराचा नकाशा डोळ्यांत बसवण्यासाठी. तट, घुमट, मिनार आणि मध्ये दाटलेली वस्ती तिथून एकदम दिसते. ताज बावडी ही जुनी मोठी विहीर आम्ही काठावरूनच पाहून पुढे निघालो.

इब्राहिम रोजाला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. भारतीय पर्यटकांना इथे आणि गोलघुमटाला रोखीने २५ रुपये व ऑनलाइन २० रुपये तिकीट आहे. या पैशांत यापेक्षा सुंदर काही मी अलीकडे पाहिलेले नाही. एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद उभी आहे आणि मध्ये कारंज्याचा हौद आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५८० ते १६२७) राणी ताज सुलतानासाठी हे काम आरंभले, पण राणीच्या आधी तोच गेला. मलिक संदल या वास्तुकाराचे नाव इथल्या शिलालेखात आहे. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अरबी अक्षरेच आहेत, त्यामुळे आत येणारा उजेड त्या अक्षरांमधून गाळून येतो. ज्या बादशहाने दखनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ रचून तीत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केले, ज्याला लोक जगद्गुरू म्हणत, त्याची ही कबर आहे, हे ठाऊक असले की त्या उजेडाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ताजमहालाची कल्पना इथूनच घेतली, असे शेजारचा एक गाईड मंडळींना सांगत होता. या वास्तूला असल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही, असे माझे मत आहे. आम्ही तिथे दीड तास बसलो.

रात्री एका खानावळीत जेवलो. कर्नाटकात या भागात खानावळीला खानावळच म्हणतात आणि ताटही परके वाटत नाही. कडक भाकरी, भरले वांगे, मोड आलेली मटकी, शेंगाचटणी आणि वर दही. पोटभर जेवण शंभराच्या नोटेत थोडे इकडेतिकडे. स्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये दोन खाटांची खोली ९०० रुपयांना मिळाली. गरम पाण्याचे आश्वासन मात्र सकाळी थंडच निघाले.

दुसऱ्या दिवशी गोलघुमटाचा दरवाजा उघडला तेव्हा आम्ही बाहेर उभेच होतो. महंमद आदिलशहाच्या (१६२७ ते १६५६) या कबरीच्या घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आत एकही खांब नाही. ताईने वहीत दोन चौकोन एकमेकांवर तिरके काढून मला ते समजावले. चार भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, खालचा चौकोन हळूहळू वर्तुळाजवळ येतो आणि त्यावर घुमट बसतो. कोपऱ्यातील सात मजली मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढून सज्जात गेलो. सहलींचा कल्लोळ अजून सुरू व्हायचा होता, म्हणूनच जे कानांनी पाहायचे ते पाहता आले. ताई समोरच्या बाजूला, अडतीसएक मीटर पलीकडे, भिंतीकडे तोंड करून पुटपुटली आणि माझ्या कानाशी स्वच्छ शब्द आले, “गोळी घेतलीस का सकाळची?” त्यानंतर मी कागद चुरगाळला, तर त्याचाही आवाज घुमटभर परत परत फिरला. अर्ध्या तासाने शाळेची पहिली तुकडी आली आणि आम्ही खाली उतरलो. ओरडणाऱ्या मुलांवर रागावण्याचा अधिकार निदान मला तरी नव्हता.

समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, तेही पाहिले. तिथून पायी जुम्मा मशीद, मग आसार महालाचे उंच सागवानी खांब आणि पुढे गगन महालाची प्रचंड कमान. याच गगन महालात १६८६ मध्ये शेवटचा आदिलशहा सिकंदर औरंगजेबापुढे हजर झाला, तोही चांदीच्या बेड्यांत, असे सांगतात. शेवटी बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाची कबर गोलघुमटाशी स्पर्धा करण्यासाठी उभारायला घेतली होती आणि ती अर्ध्यातच थांबली. काळ्या दगडाच्या कमानी तशाच छपराविना उभ्या आहेत. तिथल्या हिरवळीवर बसून आम्ही हिशेब केला. एसटी ६००, खोली ९००, तिकिटे ९०, रिक्षा २५० आणि खाणे-चहा ८५०. म्हणजे दोघांचे मिळून २,६९० रुपये झाले. अफझलखानाच्या बायकांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या साठ कबरी आणि चांद बावडी राहून गेली.

स्टँडवर ताईने पाव किलो शेंगाचटणी घेतली. सोलापूरला विजापूरहून शेंगाचटणी नेणारे आपण पहिलेच असू, असे मी म्हणालो. घरी पुडा उघडल्यावर त्याच्या आतल्या कागदावर सोलापूरच्याच दुकानाचा पत्ता निघाला.