असू दे, मी वहीत बघतो

रविवार, रात्री पावणेबारा

“असू दे, मी वहीत बघतो.”

एवढंच म्हणाले बाबा. मोबाईल माझ्या हातात परत दिला, काळा चष्मा नाकावर सरकवला आणि आत गेले. सकाळी साडेनवाची गोष्ट. आता दिवस संपला आणि मी अजून त्या ‘असू दे’पाशीच बसलेय.

टोमणा मारला असता तर चाललं असतं. आमच्याकडे टोमण्यांना उत्तरं तयार असतात. ‘असू दे’ला काय उत्तर देणार? पोळी करपली, असू दे. पाहुण्यांच्या पोराने कप फोडला, असू दे. म्हणजे तुझ्याकडून एवढंच होणार होतं, माझी काही तक्रार नाही.

आणि मी दाखवलं तरी काय? धरणांच्या पाण्याच्या आलेखाच्या जागी एक रिकामा चौकोन. खाली तारखा, डावीकडे ० ते १ आणि मध्ये नुसता पांढरा फटफटीत. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांची क्षमता: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, मिळून २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माझ्या आलेखात थेंब नाही.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांना ताण नको म्हणून सांगितलंय, म्हणून तर हा उद्योग. पेपरातला धरणांचा साठा बाबा रोज वहीत उतरवायचे; आता तो आकडा मी टाकायचा, त्यांनी मोबाईलवर मोठं करून बघायचं. आधी तालीम म्हणून गेल्या वर्षीची वही घेतली. फुलस्केप, दोनशेपानी. ख, पा, व, टे असे चार रकाने, पाचवा पेन्सिलने केलेल्या बेरजेचा. १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस, ४८८ आकडे. चार रात्री बसून टाईप केले. १२ जुलैच्या तारखेभोवती लाल पेनाचा गोल आहे, तो दरवर्षीच असतो. का, ते पुण्यात सांगायला नको. १९६१ ला त्या दिवशी पानशेत धरण फुटून पूर आला, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, नारायण पेठेत. पुढचं ते कधी सांगतात, कधी नाही.

माझ्या लॅपटॉपवर चारही रेघा झकास दिसत होत्या, हे लिहून ठेवते. कोणी विचारलेलं नाही, तरी. काल रात्री कोडची फायनल बिल्ड करून वेबवर चढवली आणि न बघता झोपले. अठरा वर्षं प्रोग्रॅमिंगचं काम करून न बघता झोपले!

दुपारभर स्वतःची कीव करण्यात गेली. सगळी दुनिया जावास्क्रिप्ट लिहिते आणि मी क्लोजरस्क्रिप्ट या भाषेचे कंस मोजत बसते. तीही शेवटी जावास्क्रिप्टच होते, मग मधल्या उठाठेवीची गरज काय, असं दादाने परवा फोनवर विचारलंच. (त्या फोनबद्दल आज नको.) मला ती भाषा आवडते, खरंच आवडते. पण एखादी गोष्ट आवडते म्हणून करतेय की चारचौघांत वेगळी दिसते म्हणून, हे या वयात कळायला हवं होतं. हौस आणि माज यांच्यामध्ये भिंत तशी पातळच असते.

बरं, चार्टजेएस, म्हणजे आलेख काढून देणारा जावास्क्रिप्टमधला तयार कोड, तो तरी काही बोलेल? नाही. रंगांच्या वेळीच शहाणी व्हायला हवी होते. आमच्या क्लोजरस्क्रिप्टमध्ये ‘बॉर्डर-कलर’ असं मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची पद्धत आहे. चार्टजेएसला ते जोडून, मधला सी कॅपिटल करून हवं असतं. मी सवयीने रेघ दिली. भाषांतर करणाऱ्या फंक्शनने ती जशीच्या तशी पलीकडे नेऊन दिली. चार्टजेएसने ना एरर दिला, ना साधा इशारा. मी दिलेले रंग बाजूला ठेवून स्वतःच्या मनाचं काय ते रंगवलं. म्हणजे असू देच की.

आजचं मात्र त्याहून खोल निघालं. फायनल बिल्डमध्ये गुगलचा क्लोजर कंपायलर कामाला लागतो. (भाषा क्लोजर, कंपायलरही क्लोजर. इंग्रजीत एकाला जे आणि दुसऱ्याला एस, मराठीत दोन्ही कानाला आणि डोळ्यांना सारखेच. नवीन पोरांना हे समजावताना माझा अर्धा तास हमखास जातो.) फाईल लहान व्हावी म्हणून तो कोडमधली लांब नावं काढून एक-दोन अक्षरांची ठेवतो. फक्त ब्राउझरची स्वतःची जी नावं त्याच्या यादीत असतात, त्यांना हात लावत नाही. चार्टजेएस मी वेगळ्या स्क्रिप्ट टॅगने आणते, त्यामुळे त्या घरातली नावं त्याला माहीतच नाहीत. ती आधी सांगून ठेवायची असतात. मी सांगितली नव्हती.

मी आधी रिकामा आलेख उभा करते आणि आकडे आले की त्याच्या ‘डेटा’मधल्या ‘डेटासेट्स’मध्ये भरते. फायनल फाईल उघडून ती ओळ शोधली. सगळं एका दमात लिहिलेलं, त्यामुळे शोधायलाच वीस मिनिटं. ‘डेटा’ शाबूत. ‘अपडेट’ शाबूत. मधल्या ‘डेटासेट्स’च्या जागी दोन अक्षरं, ‘एक्स बी’. ब्राउझरच्या यादीत ‘डेटासेट’ आहे, एकवचनी. माझं अनेकवचनी. एका एसने घात केला.

म्हणजे चारही धरणांचं पाणी मी ‘एक्स बी’ नावाच्या खोलीत व्यवस्थित नेऊन ओतत होते आणि चार्टजेएस ‘डेटासेट्स’चं दार उघडून बघत होता. तिथे कोणी नाही. बरं, असू दे. एरर यायला काही मोडावं तरी लागतं. इथे मोडलं काहीच नव्हतं. जावास्क्रिप्टमध्ये कुठल्याही वस्तूवर नवीन नाव चिकटवता येतं, कोणी हटकत नाही.

दुरुस्ती किती? नाव अवतरणचिन्हांत घातलं, बास. अवतरणातल्या मजकुराला कंपायलर हात लावत नाही. एक ओळ, चार तास. चहा दोनदा गार झाला. नेहमी वापरायला नीट उपाय हा की ती वस्तू परक्या घरची आहे अशी खूण करून ठेवायची आणि परकी नावं हुडकायचं काम कंपायलरलाच लावायचं. ते उद्या. म्हणजे बहुधा कधीच नाही.

साडेपाचला पुन्हा मोबाईल घेऊन गेले. रेघा होत्या, रंगही माझेच. बाबांनी हात लांब करून मोबाईल धरला, बोटाने १२ जुलै शोधला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता पुराचं काहीतरी येणार. मी खुर्ची ओढून घेतली.

“बारा जुलैला एवढं कमी नव्हतं गं. हा जूनचा आकडा आहे.”

मी म्हटलं, “बाबा, मी तुमच्या वहीतूनच घेतलेत.”

“मग ३१ जुलै कुठंय?”

नव्हता. सप्टेंबर संपताना आणखी मजा होती, १ ऑक्टोबर दोनदा आला होता. जावास्क्रिप्टच्या तारखांत महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. १९९५ मध्ये जावाकडून जशीच्या तशी उचललेली ही खोड आहे. ती मी मुलाखतीला आलेल्या पोरांना विचारते, आणि अडखळले तर मनातल्या मनात मार्क कापते. मी ६ म्हणजे जून लिहिलं, त्याने जुलै लावला. अख्खा पावसाळा महिनाभर पुढे सरकला. जूनला तीसच दिवस, म्हणून ३१ जुलै गायब. ३१ ऑगस्टचा ३१ सप्टेंबर झाला, तसा दिवस नाही म्हणून तो गुपचूप १ ऑक्टोबरला जाऊन बसला. तिथेही कुणी काही बोललं नाही. बोलले ते बाबा, एका डोळ्याने.

हसायलाच आलं मला. त्यांना काय झालं ते सांगायला गेले तर म्हणाले, “शून्यावा महिना? कुणी काढलं हे?” आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले, नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला का ते शेजारच्या काकांना विचारायला. शेजारच्या काकांना हे ते रोज विचारतात.

महिना एकने कमी केला. आता सगळं आपापल्या जागी आहे.

मघाशी यंदाचे आकडे टाकायला घ्यावेत म्हणून रद्दीतून पेपर काढत होते. ऑपरेशनपासून वही बंदच असणार असं मी धरून चालले होते. ती त्यांच्या उशाशी होती. उघडली तर कालपर्यंत भरलेली. एकही दिवस सुटलेला नाही. नंबरचा चष्मा नसताना लिहिलंय, त्यामुळे एकेक आकडा तीन-तीन ओळी व्यापून बसलाय, टेमघर रकान्याबाहेर पडून समासात गेलंय, आणि बेरीज नेहमीसारखी पेन्सिलने. मी दोन बेरजा तपासल्या. बरोबर आहेत.

म्हणजे सकाळी ते खरोखरच वहीत बघायला गेले होते.

या हिशेबाने वही गणपतीपर्यंत संपेल. उद्या येताना अप्पा बळवंत चौकातून दुसरी आणायची, मोठ्या ओळींची मिळाली तर बघायचं.