एकोणिसाव्या खेपेला

ऑनलाइन प्रयोगशाळेत सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना विद्यार्थ्याचा प्रत्येक प्रयत्न नोंदला जातो. मात्र गुण भरण्याच्या घाईत त्या नोंदी सहसा कोणी उघडत नाही. गेल्या सत्रात प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या नोंदी मी उघडल्या. अ‍ॅरेमधील, म्हणजे संख्यांच्या यादीतील, सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा प्रयोग होता, चाचणीचे चार संच होते आणि तिने प्रोग्रॅम १९ वेळा पाठवला होता. कधी एक गुण, कधी तीन, कधी शून्य आणि शेवटी चारपैकी चार. या १९ प्रतींत एका अक्षराचाही फरक नव्हता.

आतापर्यंतची सर्वांत मोठी संख्या ‘मॅक्स’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवण्याच्या जागेत, ठेवायची होती; त्याला तिने सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. सी भाषेत ग्लोबल व्हेरिएबल शून्यापासून सुरू होते. फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलमध्ये मात्र स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, आधीचे जे उरले असेल ते असते. आमच्या सर्व्हरवर तेथे मेमरीतील एका जुन्या पत्त्याचे खालचे ३२ बिट उरत होते. लिनक्स सुरक्षेसाठी दर वेळी पत्ते बदलते, त्यामुळे ती संख्या साधारण निम्म्या वेळा ऋण निघे आणि उत्तर बरोबर येई. धन निघाली की ती बहुधा अ‍ॅरेतील सगळ्या संख्यांपेक्षा मोठी असे आणि तीच उत्तर ठरे. प्रत्येक संचासाठी प्रोग्रॅम नव्याने चालतो, म्हणजे चारही संच एकाच खेपेला पार होण्याची शक्यता १६ पैकी १.

मी तिला बोलावून विचारले. “सर, चुकलं की परत दाबायचं, कधीतरी होतंच. परीक्षेचा फॉर्मही असाच भरतो ना आम्ही,” असे ती अगदी सरळपणे म्हणाली. संख्या एकेक करून तपासणाऱ्या लूपच्या आधी ‘मॅक्स’ छापायला लावून मी तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला. पाचव्या वेळी तिने स्वतःच विचारले, “ही संख्या येते कुठून?” इतका चांगला प्रश्न त्या सत्रात मला दुसऱ्या कोणी विचारला नाही.

“पूर्ण गुण आले ना, मग कशाला उकरता?” असे एक सहकारी म्हणाले. जर्नल पूर्ण म्हणजे विषय आला, ही समजूत आमच्याकडे फार घट्ट आहे, आणि त्या समजुतीचे नुकसान विद्यार्थीच सोसतात. पण कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्रभाषेत बदलणारे साधन, देते त्या वॉर्निंगा पाहून नवी मुले घाबरतात म्हणून सत्राच्या सुरुवातीला त्या मीच बंद केल्या होत्या. ऑप्टिमायझेशनसह (प्रोग्रॅम वेगवान करण्याच्या पर्यायासह) त्या चालू ठेवल्यावर जीसीसी या आमच्या कंपायलरने नेमकी तीच ओळ दाखवली.

जाताना तिने विचारले, “सर, माझे चार गुण राहतील ना?” मी अजून ते बदललेले नाहीत.