आमची वाटचाल: रंगाच्या डब्यापासून आर्द्रता मीटरपर्यंत

सुरुवात रंगकामापासून झाली. मी आणि माझा मेहुणा, दोघंच, एक शिडी आणि मिळेल ते काम. दोन-तीन वर्षांत लक्षात यायला लागलं की काही घरांतून दरवर्षी परत फोन येतो, तीच खोली तोच कोपरा, पुन्हा पोपडे आणि पुन्हा काळे ठिपके. आम्ही खरवडायचो, पुट्टी भरायचो, वरून दोन हात मारायचो आणि निघायचो. पैसे मिळायचे पण मनाला लागायचं, समोरच्याने कष्टाचे पैसे दिलेले असतात आणि आठ महिन्यांत भिंत परत जैसे थे.

मग वॉटरप्रूफिंग आणि सीलंटची कामं शिकलो, माणसं वाढवली. पण तेव्हा आमची समजूत अशी की ओल म्हणजे बाहेरून येणारं पाणी, ते अडवलं की झालं.

ही समजूत एका घराने मोडली. बेडरूमच्या स्लायडिंग खिडकीवर रोज सकाळी आतून पाणी, काचेवरून ओघळून खाली साचायचं, खालची लाकडी पट्टी फुगून वर आलेली. आम्ही फट न फट सिलिकॉनने बंद केली, वरचा व्हेंटिलेटर बंद केला, आणि हे लिहिताना आजही वाईट वाटतं, खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने जी बारीक भोकं असतात तीसुद्धा बुजवली. ती भोकं ट्रॅकमधलं पाणी बाहेर जावं म्हणूनच ठेवलेली असतात. महिन्याभराने त्या ताईंचा फोन आला, दादा एकदा येऊन बघून जा. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळी, आणि कपाटातल्या लहान बाळाच्या कपड्यांना कुबट वास. त्या बोलल्या काहीच नाहीत, नुसतं एक झबलं माझ्या हातात दिलं. आम्ही दोन दिवसात सगळं सीलंट काढलं, भोकं मोकळी केली, पैसे परत केले आणि त्यानंतर मी नवीन काम घेणं थांबवून आधी हा विषय नीट समजून घ्यायला बसलो.

समजलं ते असं. २० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, १० अंशाला जेमतेम साडेनऊ, म्हणजे हवा गार झाली की जास्तीची वाफ पाणी होऊन कुठेतरी बसणारच. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशाच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. काच पातळ, ती सगळ्यात आधी गार होते म्हणून पाणी तिथे दिसतं, पण तीच हवा कपाटामागच्या गार भिंतीलाही लागते आणि तिथे कोणी बघत नाही. वाफ आपणच करतो, श्वास, आंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे. त्या घरात बाहेरून पाणी येतच नव्हतं, आतली वाफ बाहेर जायचे रस्ते आम्ही बंद केले होते.

तेव्हापासून आमचं पहिलं हत्यार म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर आणि दुसरं, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा. ओल असलेल्या भिंतीचा पृष्ठभाग कोरडा पुसायचा, वीतभर फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायची आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ती हवेतली वाफ, फॉइल सोडवल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय, मग पाइप, बाहेरच्या भेगा, वरचं बाथरूम हे शोधायचं. कधी दोन्ही बाजू ओल्या निघतात, तेव्हा दोन्ही कामं करावी लागतात. जमिनीलगत कंबरेच्या खाली पांढरा लोणा, म्हणजे क्षाराची पूड, फुलला असेल तर घराच्या पायातून ओल चढत असण्याची शक्यता जास्त, तिथे नुसता रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

हे सुरू केल्यावर एक वर्ष फार ओढाताणीचं गेलं. तपासून झाल्यावर अर्ध्याअधिक लोकांना आम्ही सांगायचो की तुम्हाला वॉटरप्रूफिंगची गरज नाही, बाथरूमला एक्झॉस्ट फॅन बसवा, आंघोळीनंतरही वीसेक मिनिटं चालू ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडा. मेहुणा म्हणायचा अशाने दुकान बंद होईल. मग आम्ही तपासणीची फी वेगळी घ्यायला लागलो, आणि माझ्या मते धंद्यातला सगळ्यात चांगला निर्णय तोच, कारण काम विकायची घाई आपोआप गेली.

डबल काचेच्या खिडकीबद्दल पण खूप विचारतात. आतली काच कमी गार पडते म्हणून फायदा होतोच, पण दोन काचांच्या मध्ये बाष्प दिसायला लागलं की त्याचं सील गेलं, ते पुसून जात नाही, काचांची ती जोडीच बदलावी लागते. आणि एक कळकळीने सांगतो, बुरशी काढताना ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता आम्ही सहा जण आहोत. शंका असेल त्या घरी मीटर १५ दिवस ठेवून येतो. मागच्या वेळी एका आजींकडे तो परत आणायला गेलो तर त्यांनी कॅलेंडरवर रोजचे आकडे लिहून ठेवलेले, आंघोळीनंतर ७८, फॅन लावल्यावर ५६, कपडे आत वाळत घातले त्या दिवशी ७४. मला म्हणाल्या, कपड्यांची दोरी मी गॅलरीत नेली, तुम्ही आता खिडकी बघून घ्या. बघितली, काच कोरडी होती, खालच्या रबरात थोडी बुरशी राहिली होती ती पुसून दिली आणि मीटर घेऊन आलो.