आमची वाटचाल : स्कॅनर, अर्थची तार आणि महापुरानंतरचे दिवस

सांगलीत कोल्हापूर रस्त्यालगत आमचे गॅरेज १९९८ साली सुरू झाले. मी मेकॅनिक आणि अण्णा ऑटो इलेक्ट्रिशियन, अशी दोघांची भागीदारी होती व आहे. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे असल्यामुळे गॅरेजमध्ये आजही त्यांचाच शब्द अखेरचा असतो. पहिल्या तेरा वर्षांबद्दल एवढेच लिहितो की काम मिळत गेले आणि कोणाचे देणे थकले नाही. २०११ मध्ये पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही बहुतेक सर्व कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले तक्रारींचे कोड वाचणारे यंत्र, घेतला. निळ्या पेटीत बसवलेले ते यंत्र, त्याच्या सोबतचे निरनिराळ्या आकारांचे कपलर (तारा जोडणारे प्लग), आणि सोळा पिनांची ती जाड केबल मी रोज संध्याकाळी स्वतः पुसून ठेवत असे. अण्णांनी मात्र पहिल्याच दिवशी बजावले होते, "हे मशीन तक्रार कुठल्या लायनीत आहे ते सांगतं. तिथला पार्ट गेलाय, असं ते कधीच म्हणत नाही. व्होल्टेज मोजायचा मीटर माळ्यावर टाकू नकोस."

ते वाक्य मी विसरलो आणि त्याची किंमत २०१९ मध्ये मोजली.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या शटरच्या वरपर्यंत चढले. स्कॅनर अण्णांनी आधीच डोक्यावरून घरी नेला होता म्हणून वाचला. बाकी हत्यारे आम्ही नंतर चिखलातून वेचून काढली. पाणी ओसरल्यावर पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांची रीघ लागली. त्यांतल्या अकरा डिझेल गाड्यांवर एकच कोड येत होता : पी ०१९३, म्हणजे इंधनाच्या रेलवरील (इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीवरील) दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. कामाचा रेटा मोठा होता. कोड वाचायचा, रेल प्रेशर सेन्सर बदलायचा, कोड पुसायचा आणि गाडी द्यायची, असे मी सरसकट केले. महिन्याभरात अकरांपैकी पाच गाड्या त्याच तक्रारीने परत आल्या. नवा सेन्सर बसवताना कपलर काढून पुन्हा दाबला की गंजलेली पिन तात्पुरती घासली जाते आणि गाडी चार दिवस बरी चालते, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवे होते. पाचही जणांचे पैसे आम्ही परत केले, पण गेलेले नाव पैशाबरोबर परत येत नाही.

त्याच दिवाळीत आमच्यापासून हाकेच्या अंतरावर काचेच्या दर्शनी भागाचे एक मोठे वर्कशॉप उघडले. आमच्याकडे सहा वर्षे शिकलेला मुलगा तिथे मुख्य मेकॅनिक म्हणून गेला, याबद्दल माझी तक्रार नाही. चांगला पगार कोणीही घ्यावा. पण आमच्या त्या पाच गाड्यांची गोष्ट त्याने तिथे काउंटरवर उभे राहून गिऱ्हाइकांना सांगावी, आणि तिथल्या मंडळींनी स्वतः नुसता कोड पुसून, दिवा विझवून, त्याला दुरुस्ती म्हणावे, हे मी आजही विसरलेलो नाही. डिसेंबरअखेर आमच्याकडे दिवसाला एखादी गाडी येई. गॅरेजची जागा सोडावी, असा विषय आम्हा दोघांत दोनदा निघाला.

तशा दिवसांत तासगावचे आबा आमच्याकडे येत राहिले. ते द्राक्ष बागायतदार. त्यांच्या पहिल्या जीपपासूनचे आमचे गिऱ्हाईक. त्यांची गाडी परत आलेल्या पाचांपैकीच एक होती. मधल्या काळात नातेवाइकांच्या आग्रहाने त्यांनी ती त्या वर्कशॉपमध्ये दाखवली, तेव्हा हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर बदलावे लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. जानेवारीत, ऐन द्राक्षाच्या हंगामात, ते गाडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पंप बदलायचा तर तो तुमच्या हातानं बदला. पण आधी तुमची खात्री झाली पाहिजे."

गाडी आम्ही रात्रभर तशीच ठेवली. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन केली आणि स्कॅनरवर कोड न बघता चालू आकडे बघितले. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या रेलमध्ये दाब नसतो. स्क्रीनवर मात्र १८० बार (बार हे दाबाचे एकक) दिसत होते. या सेन्सरला तीन तारा असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ (करंट परत नेणारी तार) आणि सिग्नल (मोजलेला दाब कळवणारी तार). दाब शून्य असताना सिग्नल ०.५ व्होल्ट असावा लागतो. अण्णांनी बारीक सुया कपलरच्या मागून पिनांना लावल्या. सेन्सरच्याच सिग्नल व अर्थ पिनांमध्ये मीटरने ०.५ दाखवले, म्हणजे सेन्सर निर्दोष होता. मग सेन्सरच्या अर्थ पिनेपासून ईसीयूच्या (इंजिनवर नियंत्रण ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) अर्थ पिनेपर्यंत मोजले, तर तिथे ०.४ व्होल्ट निघाले. इतक्या कमी करंटच्या तारेत असा फरक जवळजवळ नसावाच लागतो. ईसीयूला दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसत होता, म्हणून तो इंधनाचा दाब कमी करत होता, गाडीला पिकअप मिळत नव्हता, आणि बाहेरून बघणाऱ्याला पंप थकला असे वाटत होते. खड्ड्यात लूम (तारांचा जुडगा) हलला की अर्थ पूर्ण तुटे, सिग्नल पाच व्होल्टकडे उडी मारी आणि कोड पडून गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन जपण्यासाठी ताकद कमी करण्याच्या स्थितीत) जाई.

लूमवरची टेप सोडून अण्णांनी अर्थच्या तारेचे आवरण ब्लेडने उभे चिरले. आत तांबे उरलेच नव्हते. हिरवी पूड त्यांच्या तळहातावर सांडली. नऊ इंच तार कापून नवी सोल्डर केली, गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, आणि स्क्रीनवर शून्य आले. उरलेल्या चारही गाड्या आम्ही स्वतः फोन करून बोलावल्या आणि मजुरी न घेता तपासल्या. तिघांच्या अर्थमध्येच दोष होता, एकाच्या कपलरमध्ये.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना सांगतो : कोड पुसण्यापूर्वी तो पडला तेव्हाचे आकडे वहीत उतरवून घ्या, कारण पुसल्यावर तेही जातात. मीटर लावल्याशिवाय सेन्सर मागवू नका. आणि इंजिन चालू असताना रेलचा पाइप सैल करून डिझेल येते का ते बघण्याची सवय कायमची सोडा. शेकडो बारची धार कातडी भेदून आत शिरते.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गॅरेज बंद राहिले, पण जागा सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. तासगावहून आबांच्या ओळखीने आलेल्या गाड्यांनी पुढचे वर्ष तारले. गेल्या वर्षी त्याच काचेच्या वर्कशॉपमधून पी ०१९३ ची एक गाडी आमच्याकडे पाठवण्यात आली. दोन सेन्सर आधीच बदललेले होते. पुरवठ्याच्या तारेतला दोष अण्णांनी पाऊण तासात काढून दिला. बिल त्यांच्या छापील कागदावर करावे, अशी त्यांची विनंती होती. आम्ही ते आमच्याच बिलबुकात, आमच्याच शिक्क्यानिशी केले.