ऑपरेशन झालं, मग अजून का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. महाद्वार रोडला भेटलात तरी विचारता, राजारामपुरीत हळदीकुंकवाला गाठ पडली तरी विचारता: "एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालं न्हवं? मग अजून काही नाही?"

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. ऑपरेशन त्याच्या दुखण्यासाठी केलं. पाळीत मला उभं राहता येत नव्हतं. मूल हवं होतं, आजही हवंय, पण टेबलावर गेले ती कळा थांबाव्यात म्हणून.

दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनचा व्हिडिओ डॉक्टरांनी नंतर दाखवला. सासूबाई सोबत होत्या. "पाळी काय आम्हाला आली नाही?" असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या. पडद्यावर दोन्ही अंडाशयं गर्भाशयामागे एकमेकांना चिकटलेली, आतडंही तिथंच ओढलं गेलेलं. अंडाशयातली सिस्ट, म्हणजे गाठ, फुटली आणि चॉकलेटसारखं जुनं रक्त बाहेर आलं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "एवढं सोसत हुतीस व्हय गं?" मला रडूच फुटलं. डोळे पुसून होईतो त्यांनी डॉक्टरांना विचारलंही, "आता समदं साफ झालं न्हवं? मग दिवस कधी ऱ्हातील?" डॉक्टर सांगत होते, सिस्टची भिंत सोलताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, एएमएच, म्हणजे बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारं रक्तातलं हार्मोन, कमी होऊ शकतं. आजार चौथ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर स्टेजचा आहे, पण नुसत्या तेवढ्यावरून दिवस राहतील की नाही ते सांगता येत नाही. वय, किती वर्षं प्रयत्न चाललेत, नळ्या आणि अंडाशयं आता कशी आहेत, यावरून दिवस राहण्याच्या शक्यतेचे 0 ते 10 गुण काढतात. सासूबाई "कधी?" एवढंच विचारत राहिल्या. हात मात्र सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही.

दुखणं परतू नये म्हणून डायनोजेस्टची गोळी दिली. ती चालू असताना बीज तयार होणंच सहसा थांबतं. मूल हवं तर गोळी बंद, आणि गोळी बंद केली की पाळी येते, कळा येतात. "प्रयत्न चालू ठेवा" म्हणता, तेव्हा हे मागता. मूल झालं की आजार जातो, हेही खरं नाही. गरोदरपणात पाळी नसते, म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो.

ऑपरेशनआधी अंडी गोठवून का ठेवली नाहीस, असं मी तेव्हाच्या मला विचारते. ती म्हणते, तुला तेव्हा धड बसता तरी येत होतं का? यावर माझ्याकडे उत्तर नसतं. तरी एएमएचचा रिपोर्ट हातात आला की पुन्हा विचारतेच.

आयव्हीएफचं आमचं ठरलेलं नाही. हे म्हणतात करूया, तेव्हा मी थांबूया म्हणते; मी तयार झाले की यांना माझ्या दुखण्याची भीती वाटते. सध्या गोळी चालू आहे. तेव्हा या महिन्यात तरी विचारू नका.