थ्रेड लिफ्टचा धागा त्वचेखाली गेल्यावर काय होतं

थ्रेड लिफ्ट म्हणजे चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा, तिच्याखाली बारीक काटे असलेला धागा सरकवून वर ओढून धरणं. त्यात सर्वाधिक चालतो तो पीडीओचा, म्हणजे पॉलिडायॉक्झानोनचा धागा. शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांसाठी हाच पदार्थ अनेक वर्षं वापरात आहे, त्यामुळे त्याचं वागणं नीट माहीत आहे. टाक्याच्या धाग्यात चार आठवड्यांनी साधारण निम्मी ताकद उरते आणि सहा आठवड्यांनी जेमतेम पाव. पूर्ण विरघळायला मात्र सहा-सात महिने लागतात. म्हणजे धागा आत असतो, पण त्याची ओढ कधीच सरलेली असते. त्यानंतर जे काही धरून ठेवतं, ते शरीराने धाग्याभोवती विणलेलं वेष्टन.

कॅन्युला, म्हणजे धागा नेणारी पोकळ सुई, आत सरकताना बारीक रक्तवाहिन्या तुटतात, रक्त साकळतं, फायब्रिनचं (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं) जाळं बसतं. पहिल्या दोन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग मॅक्रोफेज, म्हणजे परक्या वस्तू गिळणाऱ्या पेशी. एवढा जाड धागा गिळणं मॅक्रोफेजला जमत नाही. मग त्या एकमेकींत मिसळून महापेशी बनतात आणि धाग्याला चिकटून बसतात. त्यांच्या बाहेर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं तंतूंचं प्रथिन, विणायला लागतात, आधी ३ नंबरचं, पुढे हळूहळू मजबूत असं १ नंबरचं. सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहिला तर मध्ये धाग्याची गोल जागा, तिला लगटून अनेक केंद्रकांच्या पेशी आणि बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुलाबी पट्टे दिसतात.

पीडीओ पाण्याने तुटतो, पेशींच्या पाचक रसांनी नव्हे. म्हणून दाह बेताचाच राहतो. पण हे कोलॅजन व्रणाचं असतं आणि धाग्याभोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्यातच राहतं. त्याने अख्ख्या गालाची त्वचा तरुण होते, हा दावा आम्हाला अजिबात पटत नाही.

पहिले तीन आठवडे सांभाळायचे ते हे वेष्टन पक्कं व्हायला वेळ लागतो म्हणून. धाग्यावरचे काटे तेव्हा चरबीच्या थरात नुसते अडकलेले असतात, वेष्टन अजून कच्चं असतं. तोंड मोठं उघडून दाताचं काम करून घेणं, चेहऱ्याला मालीश, कुशीवर झोपणं, यांतलं काहीही केलं तर काटा सुटू शकतो आणि सुटलेला काटा पुन्हा धरत नाही. धाग्यालाच काप देऊन काटे बनवले असतील तर त्याचा गाभाही बारीक होतो. साच्यातून ओतलेले काटे जास्त टिकाव धरतात.

बिघडतं ते बहुतेकदा थर चुकल्याने. धागा त्वचेला फार जवळ गेला की खळी पडते, रेघ दिसते, टोक बाहेर डोकावतं. फार खोल गेला तर गालातली लाळग्रंथी आणि चेहऱ्याच्या चेतातंतूच्या फांद्या धोक्यात येतात. हलकी खळी दोन-तीन आठवड्यांत बसते. बसली नाही तर डॉक्टरच हाताने सोडवतात, घरी दाबत बसू नये.

कानशिलाजवळच्या छिद्रातून केस आत ओढला गेला की जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते. सुई घालण्याआधी तिथले केस नीट बाजूला बांधायला हवेत आणि धाग्याचं टोक त्वचेच्या खाली जाईल असं कापायला हवं. लाली, ऊब, दुखणं वाढत जाऊन पू आला तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका. जंतू धाग्यावर थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. अशा वेळी धागा काढावाच लागतो, आणि वेष्टन पक्कं होण्याआधी तो सहज निघतो.