मिररमधली कुठली प्रत खरी? घरच्या सर्व्हरची पुढची नोंद

मंडळी, घरच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करण्याचं काम एकदाचं मार्गी लागलं. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या आणि घरच्या भजनांची सगळी रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता साठवणारा फाइल फॉरमॅट) उतरली. त्या फिती आता पुन्हा वाजवण्याच्या लायकीच्या राहिल्या नाहीत, म्हणजे यापुढे हीच मूळ प्रत. ती कायमच्या जागी हलवण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती: डिस्कने गुपचूप चुकीचे बाइट परत दिले, तर ते कोणाच्या लक्षात येतं?

डिस्क साफ बंद पडली तर प्रश्न सोपा असतो, नवी लावायची. अवघड असते ती चालू असलेली डिस्क. ४०९६ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरमागे (डिस्कवरचा साठवणुकीचा एक तुकडा) साधारण १०० बाइट ईसीसीचे, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या कोडचे, असतात. प्लॅटरवरून (डिस्कच्या आतली फिरती तबकडी) येणारा सिग्नल मुळातच गोंगाटाचा, त्यामुळे डिस्क चुका दुरुस्त करत करतच वाचत असते, आणि उलटलेला एखादा बिट तिथेच पकडला जातो. पण लिहायला दिलेला डेटा प्लॅटरवर पोचलाच नाही तर? तिथला जुना मजकूर आणि त्याचं जुनं ईसीसी एकमेकांशी चोख जुळतं. डिस्कच्या लेखी सगळं ठीकच असतं. २००७ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या लोकांनी हजारो मशीनवर ठरावीक नमुन्याच्या फाइली लिहून परत वाचून पाहिल्या, तेव्हा कोणतीही एरर न येता बिघडलेला डेटा खरोखर सापडला. त्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ प्लॅटर नव्हता. रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) आणि डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) यांचं आपसात जमत नव्हतं.

आता प्रयोग. दोन जुन्या डिस्क घेतल्या, त्यांवर आधी एमडीअ‍ॅडमचा रेड-१ (लिनक्सचा मिरर: दोन्ही डिस्कवर तीच प्रत, अशा जोडीला अ‍ॅरे म्हणतात) आणि वर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम. रेकॉर्डिंगची एक प्रत टाकली, अ‍ॅरे थांबवला आणि डीडी या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने एकाच डिस्कच्या मधोमध रँडम बाइट ओतले. अ‍ॅरे पुन्हा जोडला. काहीही तक्रार नाही, दोन्ही डिस्क हजर, स्थिती क्लीन. मग फ्लॅकची स्वतःची तपासणी चालवली. फ्लॅकच्या प्रत्येक फ्रेमला सीआरसी असतो आणि मूळ आवाजाचा एमडी५ हेडरमध्ये असतो (दोन्ही चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे), म्हणून हा फॉरमॅट मला इतका आवडतो. एका फेरीत फाइल नापास, कॅश रिकामी करून पुन्हा वाचली तर तीच फाइल पास! वाचन कधी या डिस्ककडून होतं, कधी त्या. अ‍ॅरेची तपासणी लावली तेव्हा न जुळणाऱ्या ब्लॉकचा आकडा वाढला, पण एमडीला (लिनक्सच्या या रेडला) कळतं ते एवढंच की दोन प्रतींत फरक आहे. खरी कुठली हे त्याला माहीत नाही. रिपेअर सांगितलं की तो एक प्रत धरतो आणि दुसरीवर उतरवतो. ती धरलेली प्रत बिघडलेली निघाली, तर चांगलीही गेली.

त्याच डिस्कवर मग झेडएफएस या स्वतः चेकसम ठेवणाऱ्या फाइल सिस्टीमचा मिरर केला. इथे डीडी जपून चालवावं लागतं, कारण प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला दोन आणि शेवटी दोन लेबलं (झेडएफएसच्या ओळखीच्या नोंदी) असतात, ती मला सोडायची होती. पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) एक्सपोर्ट, मधोमध तसाच कचरा, इम्पोर्ट, स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडून बघणं). स्टेटसमध्ये खराब केलेल्या डिस्कपुढे चेकसमचा रकाना भरभर वाढू लागला, दुसऱ्या डिस्कपुढे शेवटपर्यंत शून्य. अखेर 'इतकं दुरुस्त केलं, एरर ०' अशी ओळ आली आणि सगळ्या फ्लॅक पास झाल्या. हे बघताना झालेला आनंद इथल्या लोकांना वेगळा समजवायला नको.

फरक कुठे पडला? झेडएफएस चेकसम डेटाशेजारी ठेवत नाही, त्या ब्लॉककडे बोट दाखवणाऱ्या वरच्या पॉइंटरमध्ये ठेवतं, त्याचा चेकसम आणखी वर, असं थेट मुळापर्यंत. म्हणून न पोचलेलं लिखाणही पकडलं जातं: जुना ब्लॉक स्वतःशी कितीही सुसंगत असला तरी वरच्या नोंदीशी जुळत नाही. ज्यांना एमडी सोडायचा नाही त्यांनी खाली डीएम-इंटिग्रिटी (ब्लॉकचे चेकसम ठेवणारा लिनक्सचा थर) लावावं. लिखाणाचा वेग मात्र बराच घसरतो.

तरी 'आता डेटा सुरक्षित' असं मी म्हणणार नाही. चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट उलटला, तर चुकीच्याच डेटावर इमानेइतबारे शिक्का बसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांना तर वरच्या थरातली फट सापडली. लिनक्सवर एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) एकदा अपयशी ठरलं की कर्नल मेमरीतली ती पानं स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरलेली, समजायचं, आणि प्रोग्रामने पुन्हा एफसिंक केलं की 'झालं' असं उत्तर यायचं. डेटा डिस्कवर गेलेलाच नसायचा. २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता सरळ क्रॅश होतं आणि लॉगवरून उभं राहतं. मला हा निर्णय फार पटतो.

स्मार्टवर (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे) विसंबणाऱ्यांसाठी: गूगलच्या २००७ च्या अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडता कुठल्याच स्मार्ट आकड्यात आधी इशारा दिला नव्हता. तरी १९९ नंबरचा सीआरसी काउंट बघत जा. तो वाढला तर बहुतेकदा डिस्क नाही, साटा केबल दोषी असते. आणि तो '१० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे एक' वाचन-एररचा आकडा, म्हणजे १२.५ टेराबाइटमागे एक, ही कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे. तेवढं वाचलं की एरर येणारच, असा हिशेब मांडून रेड-५ ची (एक डिस्क गेली की बाकीच्या पूर्ण वाचून ती पुन्हा उभारणारी रचना) अंत्ययात्रा काढू नये.

दोन्ही डिस्क एकाच बॅचच्या नकोत, म्हणून कायमच्या मिररसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्यात. पण दोन्ही एकाच यूपीएसवर, एकाच खोलीत, एकाच रूट पासवर्डखाली आहेत. चुकीची डिलीट कमांड मिरर दोन्हीकडे तितक्याच तत्परतेने पोचवतो. तिसरी प्रत झेडएफएस सेंडने बाहेरच्या डिस्कवर उतरवून नाशिकला ताईकडे जाईल, आणि दर दिवाळीला ती परत आणून रिस्टोअर करून बघायची असं ठरलंय. सध्या तिच्यावर पहिला स्क्रब चालू आहे. तो संपला की ईसीसी रॅम चालणाऱ्या जुन्या वर्कस्टेशन बोर्डचा शोध. कोणाकडे चालू स्थितीतला असेल तर कळवा.